बैठक आणि फडताळ : घरातील कामाच्या जागेचा एक तुलनात्मक इतिहास

१

घरात बसून उपजीविकेचे काम करणे ही संगणकाने, आणि विशेषतः मार्च २०२० मधील टाळेबंदीने, आणलेली नवी पद्धत आहे असा समज आज रूढ झालेला दिसतो. या समजाला धरूनच घरातील कामाच्या खोलीची रचना कशी असावी, मेज किती उंच असावे, खुर्ची कोणती घ्यावी, भिंतींना कोणता रंग द्यावा, याविषयी विपुल लेखन होऊ लागले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. घर आणि कचेरी ही दोन वेगळी ठिकाणे असणे हीच तुलनेने अलीकडची घटना होय. कारखाने, रेल्वे, सरकारी खाती आणि घड्याळाने बांधलेली नोकरी यांच्याबरोबर ती एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. त्यापूर्वी सावकार, वैद्य, शास्त्री, विणकर, हिशेबनीस हे सारे बहुधा राहत्या जागीच काम करीत असत.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न केवळ गृहरचनेचा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण लेखन हेही मुख्यतः घरात होणारे काम आहे. लेखकाचा काळ, वर्ग, जात आणि भाषा यांचा आपण विचार करतो. परंतु तो कोठे बसत होता आणि उठताना लिहिलेले कागद कोठे ठेवत होता, हे क्वचितच विचारतो. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ मध्ये केंब्रिजच्या दोन स्त्री-महाविद्यालयांत दिलेल्या आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांनी हा प्रश्न एका अंगाने अटळ केला. स्त्रीला ललित लेखन करावयाचे असेल, तर वर्षाला पाचशे पौंडांचे उत्पन्न आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी, हे त्यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. तेव्हापासून या विषयाची चर्चा ‘खोली’ या एका कल्पनेभोवती फिरत राहिली.

प्रस्तुत लेखात थोडी वेगळी मांडणी करावयाची आहे. घरातील कामाच्या जागेला दोन अंगे असतात : बसण्याची जागा आणि ठेवण्याची जागा. मराठी घराने या दोहोंसाठी दोन जुने शब्द दिले आहेत, बैठक आणि फडताळ. बैठक उसनी घेता येते, दुसऱ्याशी वाटून घेता येते, पहाटे किंवा मध्यरात्री चोरून मिळवता येते. फडताळाचे तसे नसते. आपला कागद दुसऱ्याच्या हाताखालून जाणार नाही अशा ठिकाणी ठेवता येणे म्हणजे घरात अधिकार असणे. घरातील कामाच्या जागेचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या अंगाचा इतिहास आहे, आणि आत्मपर गद्याचा इतिहासही त्याच्याशी निगडित आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

२

आरंभ मराठी राज्यव्यवहारापासून करणे सोयीचे होईल. पेशवाईतील मध्यवर्ती कचेरीला ‘हुजूर दफ्तर’ म्हणत आणि कारकुनांच्या कामाच्या जागेला ‘फड’. या दफ्तराचा एक भाग, ‘एलबेरीज दफ्तर’, पुण्यात कायम राहत असे. दुसरा भाग म्हणजे ‘चालते दफ्तर’. कागद कापडात बांधून त्यांचे ‘रुमाल’ केले जात, आणि जुन्या दफ्तरखान्यांतील कागदांची मोजदाद अजूनही रुमालांतच होते. म्हणजे दफ्तराचे मूळ एकक खोली हे नव्हते, गाठोडे हे होते. ते उचलता येत होते, आणि जेथे ते सोडले जाई तेथे कचेरी होत असे.

अधिकार वंशपरंपरेने चालत असल्यामुळे हे गाठोडे अनेकदा अधिकाऱ्याच्या घरीच राही. चिटणीस, फडणीस, मुजुमदार, पोतनीस, सबनीस, दफ्तरदार ही पदनामे आडनावे होऊन बसली, यात हाच इतिहास साठलेला आहे. हुद्दा घराण्याचा, म्हणून कागदही घराण्याचे. वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा आहे. राज्यकारभाराच्या कागदांचा एक मोठा संग्रह तेथे राहिला आणि पुढे ‘मेणवली दफ्तर’ या नावाने अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तोही वाई येथे मिळालेल्या पत्रांच्या आधारे. त्यानंतर इतिहाससंशोधक गावोगावच्या घरांतून, माळ्यांवरून आणि कोनाड्यांतून कागद गोळा करीत हिंडले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने घराघरांतून मिळतात याचे कारण घराण्यांचा इतिहासप्रेमी स्वभाव एवढेच नाही; ती घरे कचेऱ्या होती, हे त्याचे मूळ कारण आहे.

या कचेरीची रचना साधी होती. ओटीवर किंवा सोप्यात, जेथे दिवसाचा उजेड पोचे तेथे, जाजम आणि गादी अंथरलेली असे, पाठीशी तक्क्या असे. लिहिणारा एक गुडघा उभा करून त्यावर कागद टेकवी किंवा समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी घेई. झाकण लिहिण्यासाठी, पोट ठेवण्यासाठी. जवळ कलमदान, दौत, बोरू आणि बोरू तासण्याचा चाकू. मागच्या जाड भिंतीत दाराचे फडताळ, दिव्यासाठी देवळी. मेज, खुर्ची, कपाट ही तीन वेगळी लाकडी साधने जे काम करतात, ते येथे जमीन, पेटी आणि भिंत यांनी केले आहे. काम संपले की पेटी मिटे आणि त्याच जागी पाहुण्यांची बैठक होई. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षराचा घाट, ओळींतील अंतर, शाई, बोरू आणि इतर साधने यांचा त्यात बारकाईने विचार आहे. लेखनाचे सौंदर्य या परंपरेने अक्षरात आणि साधनांत पाहिले. खोली सजवण्याचा विचार तिला फारसा करावा लागला नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू गावात दिसे. गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. जमीन कोणाची, सारा किती, बाकी कोणाकडे, हे ज्या कागदांवर लिहिले होते ते कागद एका घराच्या फडताळात होते. आणि ज्यांच्याविषयी ते होते त्या कुणब्यांची खूण बहुधा नांगराच्या निशाणीपुरती होती. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) केलेल्या टीकेतील एक मोठा भाग याच विषमतेविषयी आहे. शेतकरी त्या ओसरीवर बसू शकत होता. फडताळ उघडू शकत नव्हता. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि गावचे दफ्तर पगारी तलाठ्याकडे गेले. घर आणि कचेरी वेगळी होण्याला आपण सहसा आधुनिकतेने केलेली ताटातूट म्हणतो. येथे मात्र ती ताटातूट न्यायाची अट होती, हे विसरता येत नाही.

३

मराठी घराने ठेवण्याची जागा भिंतीत आणि पेटीत केली, तर इतर काही परंपरांनी तिच्याभोवती स्वतंत्र खोली बांधली. त्या खोल्या पाहिल्या म्हणजे मराठी व्यवस्थेचे वेगळेपण आणि तिच्याशी असलेले साम्य ही दोन्ही स्पष्ट होतात.

पंधराव्या शतकातील इटलीत श्रीमंतांच्या घरी ‘स्तुदिओलो’ नावाची लहान अभ्यासिका दिसू लागली. उर्बिनोच्या राजवाड्यात फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याने करवून घेतलेल्या अभ्यासिकेवर १४७६ हे वर्ष कोरलेले आहे. तिच्या भिंतींवर रंगीत लाकडाच्या जडावकामात अर्धवट उघडी फडताळे दाखवलेली आहेत, आणि त्यांत ग्रंथ, वाद्ये, वेधयंत्रे. फडताळ खोटे, आतील ग्रंथही खोटे. तरीही त्या काळाने अभ्यासिकेची शोभा म्हणून कशाची निवड केली, हे बोलके आहे. तिने दाखवली ती ठेवण्याची जागा.

याच परंपरेतील एक गद्य ग्रंथ अधिक स्पष्ट साक्ष देतो. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३० च्या दशकात कुटुंबव्यवस्थेवर लिहिलेल्या संवादांत एक वृद्ध गृहस्थ आपल्या तरुण पत्नीला सारे घर दाखवल्याचे सांगतो. दागिने, कापडचोपड, धान्य, सारे तिच्या हवाली करतो. मात्र पूर्वजांचे लेख आणि स्वतःचे कागद अभ्यासिकेत कुलपात ठेवतो, आणि तेथे तिने पाऊल टाकू नये असा त्याचा नियम आहे. घरातील स्वतंत्र कामाची खोली युरोपीय वाङ्मयात स्थिर होते तेव्हाच ती कोणासाठी नाही हेही सांगितले जाते.

मिशेल द मोंतेन १५७१ मध्ये अडतिसाव्या वर्षी सार्वजनिक कामातून निवृत्त झाला आणि आपल्या गढीच्या बुरुजात वरच्या मजल्यावर ग्रंथालय करून राहिला. छताच्या तुळयांवर ग्रीक व लॅटिन वचने लिहवून घेतली. त्या गोल खोलीतून त्याला खालचे अंगण, बाग आणि घराचा बराचसा भाग दिसे. म्हणजे घर नजरेखाली होते आणि हाताबाहेर नव्हते. स्वतःच्या घरात स्वतःपाशी राहण्याची जागा नसलेला मनुष्य त्याला दीन वाटे. १५८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांनी युरोपीय गद्याला चिंतनशील प्रथमपुरुष एकवचन दिले. बुरुज नसता तर हा ‘मी’ झाला नसता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु लिहिलेले वर्षानुवर्षे जवळ ठेवून त्यात पुनःपुन्हा भर घालण्याची त्याची रीत, जिच्यामुळे प्रत्येक आवृत्तीत निबंध वाढत गेले, ती ठेवण्याच्या सुरक्षित जागेवाचून शक्य नव्हती.

जपानी उदाहरण मराठी वाड्याला अधिक जवळचे आहे, कारण तेथेही काम जमिनीवर बसून होते. क्योतो येथील गिन्काकुजी या नावाने परिचित असलेल्या मठाच्या आवारात आशिकागा योशिमासा या माजी शोगुनने बांधवलेली ‘तोगुदो’ ही वास्तू १४८६ ची मानली जाते. तीत साडेचार चटयांची एक लहान खोली आहे. खिडकीला लागून भिंतीतच केलेला लिहिण्याचा ओटा आणि शेजारी वरखाली टप्प्यांची फळी, एवढीच तिची सामग्री. या रचनेवरून जपानी निवासी वास्तुकलेची एक संपूर्ण शैलीच ‘शोइन’ या नावाने ओळखली जाते, आणि त्या शब्दात लेखनवाचनाचा अर्थ आहे. कामाची सोय आणि डोळ्यांचे समाधान या दोन गोष्टी येथे वेगळ्या करता येत नाहीत : उजेड हातावर पडावा म्हणून खिडकी तेथे आहे, आणि खिडकी तेथे आहे म्हणून खोली सुंदर आहे. मराठी कारकुनाने उजेडासाठी ओटी निवडली, तीही याच न्यायाने.

४

ज्यांना खोलीत प्रवेश नव्हता त्यांनी काय केले, हे आता पाहावयाचे. जेन ऑस्टिन चॉटनच्या घरात सर्वांच्या बैठकीच्या खोलीत लिहीत असे. लहान कागदांवर लिहावयाचे आणि कोणी आले की ते झाकावयाचे, अशी तिची रीत होती, असे तिच्या पुतण्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. खोलीचे एक दार करकरत असे. ते दुरुस्त करू नये असा तिचा आग्रह होता, कारण त्या आवाजाने येणाऱ्याची वर्दी मिळे. तिची उतरत्या पृष्ठाची लहान लेखनपेटी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. मराठी कारकुनाच्या पेटीशी तिचे नाते लक्षणीय आहे. रचना तीच : वर लिहावयाचे, आत ठेवावयाचे. पण एकाची पेटी अधिकाराचे चिन्ह होती, दुसरीची पेटी अधिकाराच्या अभावावरील उपाय.

बंगालमधील राससुंदरी देवी यांच्यापाशी पेटीही नव्हती. त्यांचे ‘आमार जीबन’ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले; ते बंगालीतील आद्य आत्मचरित्र मानले जाते. स्त्रीने वाचणे निंद्य मानणाऱ्या घरात, मुलांची आणि स्वयंपाकाची सारी जबाबदारी पार पाडीत त्या चोरून वाचायला शिकल्या. ‘चैतन्यभागवता’च्या पोथीतील एक पान त्यांनी काढून घेतले, मुलाने अक्षरे गिरवलेले एक ताडपत्र मिळवले आणि दोन्ही स्वयंपाकघरात लपवली. एका हाताने रांधावयाचे आणि मधेच त्या पानाकडे पाहून अक्षर जुळवावयाचे. त्यांना बसायला जागा होती; अख्खे स्वयंपाकघर त्यांचेच होते. नव्हती ती पान उघडपणे ठेवण्याची जागा.

मराठीतील साक्ष रमाबाई रानडे यांची. १८७३ मध्ये विवाह होऊन त्या न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आल्या आणि पतीच्या आग्रहाने शिकू लागल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणाला विरोध होता. दिवसा घरकाम आणि बोलणी, रात्री धडे, अशी विभागणी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या त्यांच्या पुस्तकातून उलगडते. येथे एका मान्यवर पुरुषाचा आधार होता, पुस्तके होती, शिकवणारा होता. तरीही एकाच छपराखाली वाचनाला अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन प्रदेश होते, आणि त्यांची सीमा भिंतींपेक्षा दिवसाच्या प्रहरांनी आखलेली होती. वेळ ही गरिबाची आणि स्त्रीची भिंत असते, ही गोष्ट या आठवणींतून जशी कळते तशी कोणत्याही गृहरचनेच्या आराखड्यातून कळणार नाही.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या पेशांबरोबर मेज, खुर्ची आणि काचेच्या दाराचे कपाट मराठी मध्यमवर्गीय घरात आले. वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या घरात रस्त्याकडची खोली ‘ऑफिस’ झाली आणि पक्षकारांना किंवा रोग्यांना माजघर ओलांडावे लागू नये म्हणून तिला बाहेरून वेगळे दार मिळाले. ओटीचे हे रूपांतर होते. ओटी मिटवता येत होती. ऑफिस कायम मांडलेले राहू लागले. पुरुषाच्या कामाला घरात प्रथमच न आवरण्याचा हक्क मिळाला.

त्याच काळात काही घरे उलट दिशेने, पुन्हा कचेऱ्या झाली. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये पुण्यातील गायकवाड वाडा घेतला. राहते घर, १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांचे काम आणि सार्वजनिक चळवळ एका आवारात आली. पण त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ त्या वाड्यात लिहिला गेला नाही. ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. शाई-लेखणीची मुभा नसल्याने ते बांधीव वह्यांत शिसपेन्सिलीने लिहावे लागले. येथे बसण्याची जागा होती, एकांत होता, वेळ तर सक्तीचाच होता. नसे ते फक्त फडताळ. १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही याची मित्रांना चिंता होती. टिळकांना मात्र ग्रंथ पुन्हा स्मरणातून लिहून काढण्याचा विश्वास होता. वह्या परत आल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याच्याजवळ ठेवण्याची जागा नाही त्याला स्मरणाचेच फडताळ करावे लागते, ही मौखिक परंपरेतील जुनी गोष्ट येथे मुद्रणाच्या युगात पुन्हा दिसते.

६

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात या दोन्ही अंगांचा संपूर्ण प्रवास एका आयुष्यात पाहावयास मिळतो. शालेय वयात ते वडिलांसह मुंबईत परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहत. भांडीकुंडी, चूल, धूर आणि माणसे यांनी ती खोली भरलेली होती. वडील, सुभेदार रामजी, मुलाला लवकर निजवीत, स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहत आणि मग त्याला अभ्यासासाठी उठवून त्याच्या जागी आडवे होत, हा प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवला आहे. जागा एकच, ती प्रहरांनी वाटून घेतलेली. बैठक अशी वेळेतून निर्माण करता आली, आणि त्यासाठी एका बापाची झोप खर्ची पडली.

१९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचे वास्तव्य परळच्या बी. आय. टी. चाळीत होते. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या चाळी बांधल्या होत्या. तेथे कुटुंबाकडे दोन खोल्या होत्या, आणि त्यांतील एक अभ्यासासाठी वापरली जाई. त्यानंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव असलेली ही वास्तू बांधताना ग्रंथसंग्रह हा मुख्य विचार होता. कुटुंब खाली, ग्रंथालय आणि कामाची जागा वर. माणसांच्या सोयीतून उरलेल्या जागेत पुस्तके ठेवावयाची, हा मध्यमवर्गीय क्रम येथे उलटलेला आहे.

राजगृहाकडे वैयक्तिक ग्रंथप्रेमाचे स्मारक म्हणून पाहणे अपुरे ठरते. ज्या समाजाला शतकानुशतके लिहिलेल्या कागदापासूनच दूर ठेवले गेले, ज्याच्याविषयीचे कागद नेहमी दुसऱ्याच्या फडताळात राहिले, त्या समाजातील एका व्यक्तीने उभारलेले हे फडताळ आहे. कुलकर्ण्याच्या ओसरीला दिलेले उत्तर म्हणून ते वाचता येते. हे उत्तर कागद जाळून दिलेले नाही. कागद जवळ करून, स्वतःच्या घरात ठेवून दिलेले आहे.

राजगृहानंतरही हा प्रश्न संपला नव्हता, याची साक्ष बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधून मिळते. हे आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणला त्या आपले लहानसे दुकान चालवीत. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, गल्ल्यावर बसून त्यांनी हे लेखन केले आणि घरच्यांच्या, विशेषतः पतीच्या, नजरेपासून सुमारे वीस वर्षे दडवून ठेवले, असे त्यांनी माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले आहे. ही मुलाखत २००८ मधील इंग्रजी भाषांतराला जोडलेली आहे. दुकानाचा गल्ला ही उपजीविकेची जागा होती आणि तीच लेखनाची बैठक झाली. फडताळ मात्र वीस वर्षे अडगळीचे आणि चोरीचे राहिले. राससुंदरींच्या स्वयंपाकघरापासून फलटणच्या गल्ल्यापर्यंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. लपवलेल्या कागदाच्या दृष्टीने ते फारसे नाही.

७

येथे वाङ्मयप्रकाराविषयीचा एक मोह टाळला पाहिजे. रमाबाईंच्या पुस्तकाच्या नावात ‘आमच्या’ आहे, बेबी कांबळे यांच्या पुस्तकाच्या नावात ‘आमुचं’ आहे. मोंतेनच्या बुरुजातून ‘मी’ निघाला. त्यावरून स्वतंत्र खोली प्रथमपुरुष एकवचन घडवते आणि सामायिक जागा अनेकवचन घडवते, असे सूत्र मांडणे आकर्षक वाटेल. राससुंदरी देवी हे सूत्र मोडतात. खोली नसताना, पेटी नसताना, त्यांनी शीर्षकातच ‘माझे’ म्हटले. शिवाय दोन्ही मराठी अनेकवचनांचा अर्थ एक नाही. एकात पतीच्या चरित्राशी जोडलेले दांपत्य आहे, दुसऱ्यात संपूर्ण महार समाज. तेव्हा जागेवरून सर्वनाम ठरते, असे म्हणता येत नाही.

जागेवरून ठरते ती लेखनाची लय आणि लेखनापर्यंत लागणारा काळ. मोंतेन लिहिलेल्यात भर घालत जातो, कारण लिहिलेले त्याच्यासमोर आहे. ऑस्टिनला झाकता येतील अशा लहान कागदांवर लिहावे लागते. टिळक स्मरणावर विसंबण्याची तयारी ठेवतात. राससुंदरी अक्षर ओळखण्यातच वर्षे घालवतात, आणि बेबी कांबळे यांचे लिहून झालेले पुस्तक वाचकापर्यंत यायला दोन दशके लागतात. आपण वाङ्मयेतिहासात प्रकाशनवर्षाला प्रमाण मानतो, आणि त्यामुळे लपवून ठेवलेल्या कागदाचा काळ आपल्या कालपटातून गळून जातो. ‘जिणं आमुचं’ला ऐंशीच्या दशकातील पुस्तक म्हणताना ते लिहिले गेले तो काळ आपण पुसतो. फडताळाचा इतिहास लिहिला तर हा गाळलेला काळ काही प्रमाणात परत मिळू शकेल.

आता मूळ प्रश्नाकडे. घरातील कामाची जागा सोयीची आणि शोभिवंत कशी करावी, या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर मेज-खुर्चीपासून सुरू होत नाही. उजेड हातावर पडेल अशी जागा, काम संपल्यावर मिटवता येईल असे साधन, आणि ज्याला घरातील दुसरे कोणी हात लावणार नाही असे एक लहान दाराचे फडताळ : तोगुदोची खोली, कारकुनाची ओटी आणि चॉटनची पेटी या तिन्हींत हे तीन घटक कमीअधिक प्रमाणात आढळतात. खोली नसली तरी या तिघांवर काम चालते. शेवटचा घटक नसेल तर मात्र उत्तम खोलीतही काम परक्याचेच राहते.

२०२० मध्ये असंख्य घरांत जेवणाचे मेज कामाचे झाले आणि जेवणाच्या वेळी पुन्हा रिकामे करावे लागले. एकाच खोलीत शाळा, नोकरी आणि स्वयंपाक यांची प्रहरांनी वाटणी झाली. डबक चाळीतील व्यवस्था अनेक मध्यमवर्गीय घरांनी तेव्हा प्रथमच अनुभवली. परंतु त्या अनुभवात एक नवी गोष्टही होती, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नाना फडणिसांच्या काळी कचेरी घरात होती म्हणून दफ्तरही घरात राहिले, आणि त्यातून पुढे इतिहास लिहिता आला. आज काम घरात आले आहे, दफ्तर आलेले नाही. कागद म्हणावा असा जो काही ऐवज आहे तो कंपनीच्या दूरवरच्या यंत्रांत साठतो, आणि नोकरी संपताच त्याचे दार बंद होते. घर पुन्हा कचेरी झाले, पण केवळ बैठकीपुरते. त्या बैठकीत बसून केलेल्या कामाची साधने शोधायला उद्याचा एखादा राजवाडे घरोघर हिंडला, तर त्याला माळ्यावर एक खुर्ची सापडेल. रुमाल सापडणार नाहीत.